गौरीपुढं थांबलेली गाडी

यंत्र बंद पडलं की ज्ञानेशला माणसं दिसेनाशी व्हायची. रांजणगावच्या एका कंपनीत तो मेंटेनन्सला होता आणि तिथं ही खोड गुण म्हणून खपत होती. लाइन थांबली, साहेब लोक ओरडायला लागले, ऑपरेटर घाबरून भिंतीला टेकले, तरी हा बाबा मान वर करायचा नाही. मशीनपुढं उकिडवा बसायचा आणि पहिला प्रश्न टाकायचा, "लास्ट चेंज काय झाला?" म्हणजे मशीन नीट चालत होतं त्यानंतर कुणी काय बदललं, काय हलवलं, कशाला हात लावला. बहुतेक वेळा फॉल्ट तिथंच सापडायचा. शिरूरला त्याच्या गल्लीत मिक्सर बिघडो नाहीतर पाण्याची मोटर, लोक त्याच्याच दारात. माणूस चांगला होता हो. पण हुशारीचं कौतुक ऐकायची त्याला चटक लागली होती, आणि सासुरवाडीत तर विचारूच नका.

सासुरवाडी दौंडला. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात सासू सिंधूबाई आणि सून शितल, अशा दोघीच. शितलचा नवरा भारत, म्हणजे ज्ञानेशच्या बायकोचा, सुवर्णाचा, थोरला भाऊ. तो रेल्वेत होता. तीन वर्षांमागं काविळीनं गेला. त्याच्या जागी शितलला दौंड स्टेशनात नोकरी लागली. सकाळी डबा भरून ती ऑफिसला जायची, संध्याकाळी येऊन सासूचे पाय चेपायची. घर तिच्या पगारावर चालत होतं आणि सगळ्या आळीला ते ठाऊक होतं. पण गौरी आल्या की शितलची जागा स्वयंपाकघरात. सोळा भाज्या तिनं करायच्या, पुरण तिनं वाटायचं, आणि बाहेर गौरीला हळदी-कुंकू वाहायला शिरूरहून सुवर्णानं यायचं. असं का, हे कुणी विचारत नव्हतं.

यंदा सिंधूबाईंनी विचारलं. म्हणजे कुणाला विचारलं नाही, ठरवूनच टाकलं. "माझा जलम गेला आत बसण्यात. हिचा न्हाई जाऊ द्यायचा," असं त्या फोनवर सुवर्णाला म्हणाल्या. "यंदा शितल कुंकू वाहणार. समद्यांच्या देखत." आणि नुसतं म्हणून थांबल्या नाहीत. आळीतल्या घराघरांत जाऊन, चहा घेत घेत, बायकांच्या कानावर घालून आल्या. त्यांची चुलत जाऊ तुळजाबाई, आळीतली सगळ्यांत मोठी बाई, तिच्याकडं तर दोनदा गेल्या. तुळजाबाई हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. "तुमचं घर, तुमची गौर," एवढंच बोलली. सिंधूबाईंनी तेच होकार म्हणून पदरात बांधून घेतलं.

ज्ञानेशला यातलं सगळं माहीत होतं बरं का. बायकोनं सांगितलं होतं, पुन्हा सांगितलं होतं. त्यानं "चांगलंच हाय की" म्हटलंही होतं. पण त्याचं डोकं आगगाडीत होतं.

गाडी त्यानं ऑनलाइन मागवली होती. इंजिन, तीन डबे, एकात एक अडकवायचे प्लॅस्टिकचे रूळ. इंजिनात सेल घालायचे आणि मोबाइलवरून चालवायचं. दौंड म्हणजे जंक्शन, तेव्हा गौरीपुढं दौंड स्टेशनाचा देखावा करायचा आणि भोवतीनं गाडी फिरवायची, असा त्याचा बेत. न्हावरा, चौफुला, वरवंड करत मोटरसायकलवरून तो खोका आला तो सुवर्णाच्या मांडीवर. वाटभर तो मागं वळून विचारत होता, "दाबला न्हाई ना गं?" बायकोची कंबर दुखत असेल हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

गौरी जेवायच्या आदल्या दिवशी जोडणीला बसले. मोबाइलवर अ‍ॅप टाकलं तर ते लोकेशन मागायला लागलं. सिंधूबाई म्हणाल्या, "खेळण्यातल्या गाडीला आपला पत्ता कशाला पायजे?" ज्ञानेशनं त्यांना ब्लूटूथ समजावून सांगितलं, त्यांना काही कळलं नाही, तो मात्र खूश झाला. मग गाडीच सापडेना. अ‍ॅप शोधतंय, शोधतंय, गोल फिरतंय. त्यानं सेल काढून घातले, फोन बंद करून चालू केला, गाडी बनवणाऱ्याच्या खानदानाचा उद्धार केला. शितल रूळ जोडत बसली होती. ती हळूच म्हणाली, "दाजी, मघाशी वन्संच्या फोनवर बघितली होती ना गाडी? तिकडंच जोडलेली राहिली नसंल?" तसंच निघालं. एका वेळी एकाच फोनशी जोडते ती. सुवर्णाच्या फोनवरून तोडली, याच्या फोनवर लगेच आली. शितल खळाळून हसली. तिला तसं हसताना त्या घरानं तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. सिंधूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

त्या इंजिनाच्या पोटाला एक बारीक काचेचा डोळा होता. रुळांत रंगीत पट्ट्या बसवायच्या आणि डोळ्याला जो रंग दिसेल तसं गाडी वागणार. पिवळी दिसली की शिट्टी, हिरवी दिसली की वेग, लाल दिसली की जागच्या जागी उभी. ज्ञानेशनं वळणावर पिवळी बसवली, सरळ पट्ट्यात हिरवी बसवली, लाल खोक्यातच ठेवली. गाडी थांबवायची तर आपल्या बोटानं, लोकांना दिसलं पाहिजे कोण थांबवतंय ते. पाचसहा फेऱ्या मारून बघितल्या. शिट्टी, वेग, सगळं नंबर एक.

दुसऱ्या दिवशी दुपारी गौरी जेवल्या. सुवर्णा म्हणाली, "अहो, नवं यंत्र हाय, चालवायच्या आधी पूजा करा की." ज्ञानेशला पटलं. कंपनीतसुद्धा नवं मशीन आलं की नारळ फोडल्याशिवाय बटण दाबत नाहीत. सिंधूबाईंनी तेलात कालवलेलं कुंकू वाटीतून दिलं. तोंडावर लावलं तर फोटोत इंजिन घाण दिसेल, म्हणून त्यानं मोटरसायकलला लावतो तसं चाकांना लावलं. चारी चाकांना भरपूर. हात जोडले, इंजिन रुळावर ठेवलं आणि कपडे बदलायला गेला.

संध्याकाळी बायका जमल्या. खोली भरली, व्हरांडा भरला. गौरी हिरव्या-जांभळ्या साड्यांत उभ्या, भोवती फराळाची ताटं, पुढं थर्माकोलचं दौंड स्टेशन, आणि ज्ञानेश फोन हातात घेऊन कोपऱ्यात. त्यानं बोट फिरवलं, गाडी सुटली, वळणावर शिट्टी वाजली आणि पोरंबाळं सोडा, म्हाताऱ्यासुद्धा "अगं बया!" करून टाळ्या पिटायला लागल्या. "शिरूरच्या जावयानं केलंय," अशी कुजबुज त्याच्या कानावर आली. छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटायचं बाकी.

मग सिंधूबाईंनी हाक मारली. "शितल, ये गं."

शितल आली. मोरपंखी साडी नेसली होती, केसांत अबोलीचा गजरा होता. गजरा सासूनं माळला होता हे बायकांना न सांगता कळलं. खोलीतला आवाज कमी झाला. तुळजाबाई भिंतीला टेकून बसली होती, तिनं पदर सारखा केला. शितलनं करंडा उचलला. आधी हळद वाहिली, मग कुंकू. वाहताना थोडं कुंकू खाली सांडलं, सगळ्यांचंच सांडतं तसं. तिनं गौरीच्या पायांवर डोकं टेकवलं. सिंधूबाईंचे डोळे भरून आले होते. आणि नेमकी तेव्हा गाडी वळणावरून आली, शितलच्या समोर आली आणि उभी राहिली.

ज्ञानेशनं बोट फिरवलं. गाडी वीतभर गेली, थांबली. परत फिरवलं. परत वीतभर, परत थांबली. त्याला घाम फुटला. एवढ्या लोकांत आपली गाडी बंद! त्यानं अ‍ॅप बंद करून उघडलं. सेल दाबून बघितले. सुवर्णाचा फोन मागून घेऊन बघितला, तिथं काही नव्हतं. त्याचं माणसं दिसणं बंद झालं होतं. समोर फक्त इंजिन होतं.

"काय झालं वो जावईबापू?" तुळजाबाईनं विचारलं.

आणि ज्ञानेश, फोनमधून मान वर न करता, कंपनीत बोलतो तसं मोठ्यानं बोलून गेला, "थांबा जरा. लास्ट चेंज काय झाला? आत्तापर्यंत एक नंबर चालत होती. वहिनींनी कुंकू वाहिलं, आन् तवाच बंद पडली."

मागं कुणीतरी च्च च्च केलं. तुळजाबाई म्हणाली, "व्हय, तवाच." तिचा आवाज मोठा नव्हता. पण सिंधूबाई दोनदा तिच्या घरी आल्या तेव्हा तिनं जे पोटात ठेवलं होतं, ते सगळं त्या दोन शब्दांत आलं.

तेव्हा ज्ञानेशनं मान वर केली. आधी त्याला कळलंच नाही काय झालंय ते. सुवर्णा त्याच्याकडं बघत होती, आणि तिचं ते बघणं बघून त्याला कळलं. आपण काय बोललो ते त्याला आपल्याच कानांनी पुन्हा ऐकू आलं. अरे देवा. कान तापले. त्याला म्हणायचं होतं की मला तसं म्हणायचं नव्हतं. पण तो म्हणाला नाही. मनात आलं, आधी गाडी चालू करू, मग आपोआपच सगळं मिटेल. खरं सांगायचं तर त्याला तेव्हाही लाज दोन गोष्टींची वाटत होती, आणि बंद पडलेल्या गाडीची लाज थोडी जास्त होती.

शितलनं करंडा जागेवर ठेवला. नीट ठेवला, झाकण लावून. "पुरण लागंल खाली," असं म्हणाली आणि आत गेली. पुरणाचा स्वयंपाक दुपारीच झाला होता.

ज्ञानेशनं इंजिन उचलून उलटं केलं. चाकांना लावलेलं कुंकू फिरून फिरून आत ओढलं गेलं होतं, तेलाबरोबर पसरलं होतं, आणि पोटावरचा तो काचेचा डोळा लालभडक माखला होता. दुसऱ्या कुणाचं नाही, त्याचंच कुंकू. त्याच्याच बोटानं दुपारी लावलेलं. गाडीला सगळीकडं लालच दिसत होतं, ती थांबणार नाहीतर काय करणार? अ‍ॅपवर मघापासून एक लाल ठिपका दिसत होता, तोसुद्धा आत्ता त्याच्या ध्यानात आला.

त्यानं रुमालानं डोळा पुसला. रुमाल खिशात कोंबला. इंजिन ठेवलं, बोट फिरवलं, गाडी सुटली. शिट्टी वाजली.

"चालली गं बाई!" एकजण म्हणाली. आणि मग त्या सगळ्यांच्या माना, गहू वाऱ्यानं लवावा तशा, स्वयंपाकघराच्या दाराकडं वळल्या. ती आत गेली आणि गाडी चालली. कुणी तसं म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती.

बोलायची वेळ ती होती. एक वाक्य लागत होतं. "माझं कुंकू डोळ्याला लागलं होतं," बस्स. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "जावई लई हुशार हाय हां सिंधूबाई, क्षणात केली चालू." आणि ज्ञानेश हसला. काय सांगावं तुम्हाला, त्या माणसानं मान तुकवून हसून ते कौतुक घेतलं. ओठ आपले आपणच हसले म्हणा, सवय होती त्यांना. पण हसला. सिंधूबाई गौरीजवळ उभ्या होत्या. त्यांच्या हातात हळदी-कुंकवाचं ताट होतं, पुढच्या बाईला द्यायचं, ते त्या देईनात. जावयाला त्या काही बोलल्या नाहीत. जावयाला कोण बोलतं? त्यांनी नुसतं त्याच्याकडं बघितलं, आणि स्वतःच्याच हसण्याची त्याला शिसारी आली.

सुवर्णा त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. "काय होतं?" तिनं दबक्या आवाजात विचारलं. नवऱ्याचा खिसा तिला दिसत होता. पांढऱ्या शर्टाला आतून लाल उतरायला लागलं होतं.

"कुंकू होतं. मी लावलेलं. डोळ्याला लागलं."

"मग तोंडात काय गुळणी धरलीय का? सांगा की त्यांना!"

"सांगतो. बायका जाऊ दे, मग वहिनींना आत जाऊन नीट सांगतो."

"बोललात चारचौघींत, आन् सांगणार आत?" सुवर्णाचा आवाज फाटला. "आईनं घरोघर पाय झिजवले वो. लोकांच्या चुलीपुढं बसून आली ती. तुम्हाला काय त्याचं!"

ज्ञानेशनं गाडी थांबवली. बोटानंच थांबवली. तो मध्ये आला, रुळांजवळ मांडी घालून बसला. "तुळजामावशी, जरा हिकडं या," तो म्हणाला. "समद्याच या. हे बघा." त्यानं इंजिन उलटं करून डोळा दाखवला. खोक्यातली लाल पट्टी काढून दाखवली. "हिला लाल दिसलं की ही थांबती. तशीच बनवल्याली हाय. दुपारी मी चाकांना कुंकू लावलं, ते आत गेलं. माझं कुंकू. वहिनींचा काय संबंध न्हाई. मी उगंच बोललो. माझं चुकलं."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. तुळजाबाई म्हणाली, "असू द्या वो. मनाला लावून घेऊ नका. पोरीचं मन राखताय, चांगलं हाय." दुसरी एक म्हणाली, "जावई किती सांभाळून घेतो बघा." म्हणजे खरं सांगितलं तर ते त्याच्या चांगुलपणात जमा! ज्ञानेशला वाटलं आपण इथंच गडप व्हावं.

पण फॉल्ट कुणाला पटत नसला तर तो पुन्हा घडवून दाखवायचा, हे त्याला येत होतं. त्यानं गौरीपुढच्या वाटीत बोट बुडवलं. "आवो, देवीचं कुंकू," कुणीतरी म्हणालं. त्यानं ते बोट डोळ्यावर फिरवलं, इंजिन रुळावर ठेवलं, सोडलं. गाडी वीतभर गेली आणि थांबली. पुसलं, सोडलं, गाडी गेली. परत माखलं, थांबली. परत पुसलं, गेली. त्याचे हात कोपरापर्यंत लाल झाले, शर्ट गेला, रूळ चिकट झाले. तो करतच राहिला. शेवटी तुळजाबाईच म्हणाली, "पुरं करा आता जावईबापू. कळलं आमाला. मशिनीचंच हुतं की मग." तिचं तोंड उतरलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. ती उठली, दाराशी गेली आणि आत बघून म्हणाली, "शितल, ये गं बाय भाईर. तुझं काय न्हाई त्यात."

आतून कुणी आलं नाही.

सिंधूबाईंनी ताट ज्ञानेशच्या हातात दिलं. "तुम्हीच जावा," एवढंच म्हणाल्या.

शितल ओट्याला टेकून उभी होती. गॅस बंद होता. गजरा तिनं काढून खिडकीत ठेवला होता. रडत नव्हती. रडत असती तर ज्ञानेशला बरं वाटलं असतं, रडणाऱ्या माणसापुढं काय बोलायचं ते थोडंफार ठरलेलं असतं.

"वहिनी, मी सांगितलं त्यांना," तो म्हणाला. "करून दाखवलं. समद्यांना पटलं. तुळजामावशी स्वतः म्हणल्या, तुमचं काय न्हाई त्यात. माझं कुंकू होतं ते. चला ना बाहेर. आई वाट बघतायत."

शितलनं त्याच्या हातांकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "दाजी, एक विचारू?"

"विचारा की."

"माझंबी सांडलं होतं कुंकू रुळावर. मी बघितलं सांडताना." ती अगदी साध्या आवाजात बोलत होती. ऑफिसात एखाद्याला गाडीची वेळ सांगावी तसं. "गाडी त्याच्यानंच थांबली असती तर?"

बाहेर बायका थांबल्या होत्या, सिंधूबाई थांबल्या होत्या, सुवर्णा दारात आली होती. इंजिनाची प्रत्येक गोष्ट त्याला सांगता येत होती. पण मघाच्या त्या सगळ्या माखण्या-पुसण्यातून त्यानं कुंकू वहिनींचं नव्हतं एवढंच सिद्ध केलं होतं; त्यांचं असतं तर दोष त्यांचाच, हे त्यानंही धरूनच चाललं होतं, ते त्याला आत्ता दिसलं.

"माझं कुंकू दरवेळी असं तपासूनच चालणार असंल," शितल म्हणाली, "तर मला भाईर नको." आणि तिनं त्याच्या हातातलं ताट काढून घेतलं, ओट्यावर ठेवलं, आणि त्याला हात धुवायला तांब्याभर पाणी दिलं.